फक्कीनं आखलेलं घर

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे काटकोनबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई, आणि पाठ फिरली की काटकोनबाई. बसणं ताठ, चालणं नाकासमोर, आणि बोलण्यात कुठे गोलाई म्हणून नाही. एखादा उशिरा येऊन म्हणाला, "आज बस आलीच नाही," की त्या कागदावरून मान न उचलता म्हणायच्या, "आली होती. मी तिनंच आले." त्यात राग नसायचा. माप चुकलेलं त्यांना सोसायचं नाही, एवढंच.

मी तिथे आवक-जावक कारकून होतो. येणारं प्रत्येक पत्र आणि जाणारा प्रत्येक लखोटा माझ्या हातून जायचा, त्यामुळे कुणाचं काय चाललंय हे साहेबांच्या आधी मला कळायचं. आमचं कार्यालय लष्करासाठी इमारती बांधायचं. बाई आरेखन विभागाच्या प्रमुख होत्या. बाविसाव्या वर्षी अनुरेखक म्हणून लागल्या. अनुरेखक म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून तो शाईनं गिरवणारा माणूस. तिथून चढत चढत पस्तीस वर्षांनी त्या मोठ्या टेबलापाशी पोचल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

घरी त्या आणि त्यांची वहिनी. बाईंचा थोरला भाऊ पलटणीत हवालदार होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यामागून वहिनींनी अकरा क्वार्टर्स बदलली. निवृत्तीनंतर दीड वर्षात तो गेला, आणि वहिनी दोन मुलं घेऊन नणंदेकडे राहायला आल्या. मुलं मोठी होऊन आपापल्या नोकऱ्यांच्या गावी गेली, आणि पहिल्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत या दोघीच उरल्या. नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. इथे पटायचं, कारण वहिनी दिवसभराचं सगळं बोलून घ्यायच्या आणि बाई ते सगळं ऐकून घ्यायच्या. मी त्यांच्याच जिन्याखालच्या घरात राहायचो, तेव्हा बोललेलं निम्मं मलाही ऐकू यायचं. उरलेलं वहिनी स्वतः येऊन सांगायच्या.

एका सोमवारी मी जो लखोटा फोडला, त्यात आमच्या पुढच्या चार वर्षांचं काम होतं. गावाबाहेरच्या माळावर एक अख्खी ब्रिगेड कायमची ठेवायचं ठरलं होतं. तीन पलटणी, तोफखाना, सिग्नलवाले, वाहनांचा ताफा, मिळून बत्तीसशे माणसं. त्यांच्या बराकी, भटारखाने, शस्त्रागार, गाड्यांच्या शेड, निशाणबाजीचं मैदान, इस्पितळ, शाळा, दुकानं, पाणी, सांडपाणी, आणि आठशे चाळीस कुटुंबांसाठी क्वार्टर्स. या सगळ्याचे नकाशे अकरा आठवड्यांत हवे होते.

"अकरा आठवड्यांत माझ्या मुलीला साधा पडद्याचा रंग ठरवता येत नाही," साहेब म्हणाले, आणि पत्र बाईंच्या टेबलावर ठेवून निघून गेले.

लष्कराकडून एक मेजर आमच्याकडे बसायला आला. तरुण होता, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा, आणि उभ्या उभ्या चहा प्यायचा. त्याला सगळं कालच हवं असायचं. पण बाईंचं काम पाहिल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत बसला. त्यांनी त्या माळाचा उतार, वारा, ओढा सगळं पायी फिरून पाहिलं होतं. भटारखान्याचा धूर इस्पितळाकडे जाणार नाही, दारूगोळा सगळ्यांपासून लांब, सांडपाणी उताराच्या टोकाला, आणि बिगूल वाजल्यापासून दोन मिनिटांत जवान मैदानावर, अशी सगळी मांडणी चार आठवड्यांत कागदावर आली. लष्कराचं एक जाडजूड पुस्तक असतं. किती माणसांमागे किती नळ, किती खाटांमागे किती खिडक्या, हे सगळं त्यात लिहिलेलं. बाईंना ते पाठ होतं.

कुटुंबांच्या क्वार्टर्सचा प्रश्नच नव्हता. त्यांचा नमुना-नकाशा पस्तीस वर्षांपूर्वी मंजूर झालेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, वर आणि खाली एकेक कुटुंब, मध्ये जिना. तोच आठशे चाळीस वेळा मांडायचा.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी बाई तो नकाशा घरी घेऊन आल्या. ओळींमधलं अंतर बसवायचं होतं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि त्या कामाला लागल्या. वहिनी चहा घेऊन आल्या. इतक्या वर्षांत नणंदेचे नकाशे बघून बघून त्यांना ते वाचता येऊ लागले होते. कप ठेवायला जागा शोधता शोधता त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे दार अजून आतच उघडतंय होय?"

"अजून म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"स्वयंपाकघराचं. ओट्याशी उभं राहिलं की बरोबर कोपरावर येतं ते." वहिनींनी डावा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग होता. "तिसऱ्या क्वार्टरातलं आहे हे. माझ्या हातात उकळतं दूध, आणि आपला धाकटा बाहेरून धावत आला. चार वर्षांचं पोर, त्याला काय माहीत दारामागे आई आहे. बरं झालं, माझ्याच हातावर सांडलं."

बाईंनी तो डाग सतरा वर्षं रोज पाहिला होता. एकदा विचारलं होतं, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "भाजलं," आणि विषय तिथेच संपला होता.

"वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाला बोलायचं गं? अकराच्या अकरा क्वार्टर्समध्ये दार तसंच. मला वाटलं, सरकारनं काहीतरी विचार करूनच तसं ठेवलं असेल."

वहिनी पुढे दुसऱ्याच कुठल्या गोष्टीकडे वळल्या. बाईंनी चहा घेतला नाही. तो गार झाला, वहिनींनी तो पुन्हा तापवला, तो पुन्हा गार झाला.

सोमवारी सकाळी बाई माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "क्वार्टरचा मूळ नमुना हवा. जो सगळीकडे पाठवला गेला, तो." मी अभिलेखाच्या खोलीत जाऊन धूळ झाडत तो शोधून काढला. कागद पिवळा पडला होता. उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती, आणि तीत तीन सह्या. आरेखन अमुक, तपासणी अमुक, आणि खाली अनुरेखण. तिथे बारीक, ताठ अक्षरांत बाईंचीच आद्याक्षरं होती. तारीख त्या नोकरीला लागल्याच्या पहिल्या वर्षातली.

"तुम्ही तर नुसतं गिरवलंत," मी म्हणालो. "काढलं दुसऱ्यानं, तपासलं तिसऱ्यानं."

"गिरवताना माझे डोळे मिटलेले नव्हते," त्या म्हणाल्या. "दार फिरतं ती कमानीसारखी रेघ मी कंपासनं मारली. ती ओट्याला जाऊन टेकते हे मला दिसत होतं. तेव्हा वाटलं होतं, छान बसलीय."

तो कागद घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. मेजर तिथेच होता. मी फाइल घेऊन दारात उभा होतो, आणि खरं सांगायचं तर फाइल द्यायची मला काही घाई नव्हती.

साहेब म्हणाले, "बाई, मंजूर नमुना आहे. पस्तीस वर्षं लोक त्यात राहतायत. एकाची तक्रार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आहे का रे एक तरी?"

"नाही साहेब," मी म्हणालो. खरंच नव्हती.

मेजर हसला. "तक्रार करणार कोण? जवान आपल्या कमांडरसमोर उभा राहून सांगणार, की माझ्या बायकोच्या कोपराला दार लागतं?" हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "बाई, दार उलटं लावणं सोपं आहे. त्यात अजून काय चुकलंय?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी क्वार्टरात कधी राहिले नाही."

त्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द आम्ही कुणी ऐकले नव्हते. साहेबांनी चष्मा काढला.

"मग ज्या राहतात त्यांना विचारा," मेजर म्हणाला. "पण दहा दिवसांत."

बाईंनी आधी रीतसर मार्ग धरला. बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, मी तिच्या दीडशे प्रती काढल्या, आणि जवळच्या जुन्या छावणीतल्या घरोघरी त्या वाटल्या. तीन दिवसांत सगळ्या परत आल्या. एकशे अडतीस कागदांवर लिहिलं होतं, 'सर्व ठीक आहे.' अक्षर सगळं पुरुषी, ठसठशीत, आणि खाली हुद्दा आणि नंबर. विचारलं होतं बायकांना, उत्तर दिलं होतं पलटणीनं.

त्या दिवशी वहिनी आमच्या घरी बसल्या होत्या. बाई कामावरून आल्या, तो गठ्ठा त्यांनी वहिनींच्या मांडीवर ठेवला. वहिनींनी दोन-चार कागद वाचले. "अगं, कागदावरचं घर कुणाला कळतं? मला कळतं ते तुझ्यासोबत राहून. त्यांना घर दाखव, मग बघ किती बोलतात ते."

"घर बांधायला चार वर्षं आहेत, वहिनी."

"बांधायला कोण सांगतंय? उभं राहण्यापुरतं दाखव."

एरवी 'हूं' करून आत जाणाऱ्या बाई तशाच दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला बोलावलं. आमचा मुकादम म्हणजे पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याची फक्की मारून रेषा आखणारा पट्टीचा माणूस. बाई म्हणाल्या, जुन्या छावणीच्या मैदानावर एक क्वार्टर आखायचं. पूर्ण मापाचं, भिंतीच्या जाडीसकट, दारं, ओटा, मोरी, जिन्याच्या पायऱ्या, सगळं.

"आणि पाया?" मुकादमानं विचारलं.

"पाया नाही. नुसती फक्की."

"तीस वर्षं घरं बांधली," मुकादम मला म्हणाला, "हे पहिलंच घर, जे झाडूनं पाडता येईल."

शनिवारी सकाळी ते तयार झालं. तपकिरी जमिनीवर पांढऱ्या रेषांचं घर, शेजारी वरच्या मजल्याचं तसंच दुसरं, मध्ये जिना. वहिनींनी आदल्या दिवशी छावणीत घरोघरी जाऊन आमंत्रणं दिली होती. "नणंदेच्या घराची वास्तुशांत आहे, घर मात्र नाही," असं म्हणाल्या म्हणे. सव्वीस बायका आल्या. काहींच्या कडेवर मुलं होती. येताना सामान आणायला सांगितलं होतं, तेव्हा मैदानाच्या कडेला खाटा, ट्रंका, बादल्या, एक शिलाई मशीन, एक पाळणा आणि दोन सायकली उभ्या होत्या. मेजर आला होता. साहेब आले नव्हते.

सुरुवातीला सगळ्या रेषांच्या बाहेर उभ्या राहिल्या, पाहुण्यांसारख्या. कुणी काही बोलेना. बाई हातात वही घेऊन ताठ उभ्या, त्यांना पाहून तर बायका आणखीच गप्प. शेवटी वहिनीच तरातरा पुढे गेल्या आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या.

"काकू," मुकादम म्हणाला, "भिंतीतून आलात तुम्ही."

पहिल्यांदा हशा पिकला. वहिनी मागे गेल्या, दारातून नीट आत आल्या, खोटं दार लोटून घेतलं आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी एका बाईला बाहेरून दार ढकलायला सांगितलं. मुकादमानं दाराच्या जागी एक फळी धरली होती. ती फिरली आणि वहिनींच्या कोपरावर टक्कन आपटली. आता चार-पाच जणी एकदम बोलू लागल्या. एकीनं बाही वर केली. दुसरी म्हणाली, "मी तर दारच काढून ठेवलंय, पडदा लावलाय."

तिथून पुढे त्यांना कुणी काही विचारावं लागलं नाही. दोघींनी खाट उचलली आणि जिन्यावर चढवायला लागल्या. वळणावर तिचे पाय रेषेबाहेर गेले, म्हणजे ती भिंतीत अडकली. "आमची खाट गेली तीन वर्षं अंगणातच आहे," एक म्हणाली. शिलाई मशीनवाली खिडकीपाशी बसून पाहू लागली, तर उजेड पाठीमागून. मग ट्रंका आल्या. एका घराच्या सहा. लष्करातल्या माणसाचं अर्धं घर ट्रंकेत असतं, कारण बदलीचा कागद कधी येईल याचा नेम नाही. सहा ट्रंका मागच्या खोलीत मांडल्यावर खाटेला जागा उरली नाही, आणि खाट ठेवल्यावर माणसाला.

"मग आत्ता कुठे ठेवता?" बाईंनी विचारलं.

"ट्रंकांवरच झोपतो," ती बाई म्हणाली. बाईंनी ते लिहून घेतलं.

दोन तास असे गेले. बाईंच्या वहीत एकतीस गोष्टी झाल्या. मेजरनं एका बाळाला धरलं होतं, कारण त्याच्या आईला मोरीत वाकून दाखवायचं होतं. सगळं हसत-खेळत चाललं होतं. तेवढ्यात इतका वेळ एका बाजूला उभी असलेली एक किडकिडीत, सावळी बाई पुढे आली. तिचा नवरा सिग्नलमध्ये ड्रायव्हर होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हे सगळं घर धरलंय ते घरात पुरुष असताना."

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"माझा नवरा गेल्या वर्षी बेचाळीस दिवस घरी होता. बाकीचे दिवस मी आणि दोन मुलं. इथल्या सगळ्यांचं थोड्याफार फरकानं तेच. नव्या ठिकाणी दवाखाना कुठे आहे?"

बाईंनी हात लांब करून दाखवलं. "त्या बाजूला. बराकींना लागून. अडीच किलोमीटर."

"मधे काय आहे?"

"गाड्यांच्या शेड. ट्रकांचा रस्ता."

"म्हणजे पोराला ताप आला की त्याला कडेवर घेऊन मी ट्रकांच्या रस्त्यानं अडीच किलोमीटर जायचं." तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. बाजार किती लांब आहे हे विचारावं तसंच. "आणि शाळा?"

शाळाही त्याच बाजूला होती. पुस्तकाप्रमाणे इस्पितळ जवानांच्या जवळ हवं, आणि शाळेला मुख्य रस्ता हवा.

मला वाटलं, आता म्हणतील की पुस्तकात असं आहे. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "कडेवर मूल घेऊन न थांबता किती वेळ चालता येतं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "दहा मिनिटं," एक म्हणाली. "तीन वर्षांचं असेल तर आठ," दुसरी म्हणाली. "दहा मिनिटांनी कड बदलायची, मग आणखी पाच." थोडी वादावादी झाली, आणि दहा मिनिटांवर एकमत झालं. बाईंनी त्या किडकिडीत बाईलाच मूल कडेवर घेऊन चालायला सांगितलं. मेजरनं घड्याळ पाहिलं, मुकादमानं टेप धरून माप घेतलं. दहा मिनिटांत सहाशे साठ मीटर.

त्या सोमवारी बाईंनी मांडणीचा तो देखणा कागद टेबलावर घेतला, क्वार्टर्सच्या ओळींच्या मधोमध कंपासचं टोक रोवलं आणि सहाशे साठ मीटरचं एक वर्तुळ काढलं. त्या वर्तुळाच्या आत बाजार नव्हता, दवाखाना नव्हता, शाळा नव्हती. पाण्याची टाकी तेवढी होती, तीही काठावर. चार आठवड्यांचं काम होतं ते. त्यांनी कागद गुंडाळून बाजूला ठेवला आणि नवा कागद ताणून बसवला.

साहेब भडकले. जुनी मांडणी वरच्या कार्यालयात दाखवून झाली होती. "आधी कळस मग पाया चाललंय हे," ते म्हणाले. "गाड्या उचलून पूर्वेला नेल्या तर ओढ्यावर पूल लागेल."

"लागेल," बाई म्हणाल्या. "दोन लागतील."

दोन दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत. त्यांची पत्रं माझ्यामार्फत जायची, शेजारच्या खोलीतून शेजारच्या खोलीत, रीतसर नोंद होऊन. तिसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो, तर ते जाड पुस्तकात डोकं घालून बसले होते. मला वाटलं, बाईंना अडवायला कलम शोधतायत. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. अधिकाऱ्यांच्या घरात 'प्रवासी सामानासाठी माळा' मंजूर असल्याचं एक कलम होतं, आणि खाली बारीक टीप, की गरजेप्रमाणे इतर निवासांतही द्यावा. "पस्तीस वर्षं ही टीप कुणी वाचली नाही," साहेब म्हणाले. "मीसुद्धा नाही. जा, बाईंना दे. आणि मी दिली असं सांगू नकोस." मी अर्थातच सांगितलं.

दहाव्या आठवड्यात वरून एक ब्रिगेडियर आले. बैठकीत बाईंनी नवी मांडणी भिंतीवर लावली. गाड्या पूर्वेला गेल्या होत्या, त्यांना वेगळं फाटक, ओढ्यावर दोन पूल. शाळा आणि दुकानं क्वार्टर्सच्या मध्ये आली होती. ब्रिगेडियरांनी त्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही, साहेब. सव्वीस बायकांनी सांगितलं."

"पुस्तकात नसेल तर मी त्याला मंजुरी देऊ शकत नाही."

"मग जुन्या मांडणीला मीही देऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. मग त्या थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "जुना नमुना मीच गिरवलाय. पुस्तकातलाच होता तो. माझ्या वहिनीचा हात त्यात भाजला. ही मांडणी मंजूर करायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण जुनी मी पुन्हा काढून देणार नाही. दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

ब्रिगेडियर वयस्क होते. त्यांनी मेजरकडे पाहिलं. मेजर म्हणाला, "साहेब, मी तिथे होतो. ती बाई मुलाला घेऊन चालली तेव्हा घड्याळ माझंच होतं."

शेवटी जसं व्हायचं तसंच झालं, म्हणजे काही मिळालं आणि काही गेलं. इस्पितळ बराकींजवळच राहिलं, पण क्वार्टर्सच्या मधोमध दोन खोल्यांचा दवाखाना आणि एक परिचारिका मंजूर झाली. ट्रकांचा रस्ता हलला. शाळा हलली. दार बाहेर उघडू लागलं, जिन्याचं वळण रुंद झालं, ट्रंकांना माळा मिळाला. बायकांची एक मागणी होती, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी एखादी छोटी खोली. ती नाकारली गेली. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं, असं पुस्तकात स्पष्ट होतं आणि तिथे कुठलीही टीप नव्हती. एकतीसपैकी चौदा. बाईंना त्या चौदांचा आनंद झाला नाही. खोलीचं मनाला लागून राहिलं.

"अगं, सासूशिवाय दोन खोल्या मिळाल्या म्हणून निम्म्या जणी मनातून खूश असतील," वहिनी म्हणाल्या, तेव्हा कुठे त्या हसल्या.

बांधकामाला साडेतीन वर्षं लागली. त्या काळात बाई निवृत्त झाल्या. ब्रिगेड आली तेव्हा गावातून तीन दिवस गाड्यांची रांग चालली होती. महिन्याभरानं त्या किडकिडीत बाईचा वहिनींना निरोप आला, की नवऱ्याची या ब्रिगेडमध्ये बदली झालीय आणि तिला तळमजल्याचं क्वार्टर मिळालंय, बघायला या. मलाही नेलं.

बाई घरात शिरल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. दार दोन-तीनदा उघडून मिटून पाहिलं. ते बाहेर उघडत होतं, कुणाला लागत नव्हतं. माळ्यावर ट्रंका होत्या. मग त्यांची नजर ओट्याखाली गेली. तिथे एक लाकडी फळी ठेवली होती.

"ही कशाला?"

ती बाई संकोचली. "काही नाही. उभं राहायला."

"का?"

"ओटा जरा उंच झालाय, बाई. सगळ्यांकडेच. आमच्या ओळीत सगळ्या जणी फळीवर उभ्या राहून स्वयंपाक करतात."

बाई वहिनींकडे वळल्या. नवा ओटा काढताना त्यांनी माप घरीच घेतलं होतं, वहिनींच्या कोपराचं. आणि वहिनी म्हणजे साडेपाच फूट. आठशे चाळीस ओटे वहिनींच्या मापाचे झाले होते.

वहिनी आधी गोंधळल्या, मग त्यांना इतकं हसू आलं की त्यांना ट्रंकेवर बसावं लागलं. बाई हसल्या नाहीत. त्या खाली बसून फळीची जाडी बोटांनी मोजत होत्या. पुढचे दोन आठवडे त्या रोज सकाळी बसनं तिथे जायच्या. दवाखान्याच्या पडवीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या कोपराची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजायच्या. एकशे बारा जणींची मोजली. बायका आपणहून रांग लावायच्या, काही जणी दुसऱ्यांदा यायच्या, गप्पांसाठी. त्याचा तक्ता त्यांनी कार्यालयाला पाठवला, 'चूक माझी आहे' या पहिल्या ओळीसह. साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी तो तक्ता पुढच्या दोनशे क्वार्टर्सच्या नकाशाला स्वतः जोडला, आणि ते ओटे चार बोटं खाली आले. आधीचे आठशे चाळीस आहेत तसेच आहेत, फळ्यांसकट.

आता बाई एकाहत्तरच्या आहेत आणि वहिनी अठ्ठ्याहत्तरच्या. मुलं बोलावतात, पण दोघी जात नाहीत. मी अजून जिन्याखालीच राहतो. गेल्या महिन्यात दुसऱ्या कुठल्याशा ठाण्याहून दोन तरुण अभियंता मुली बाईंना भेटायला आल्या. त्यांच्याकडेही एक ब्रिगेड यायची होती, आणि कुणीतरी त्यांना बाईंचं नाव सांगितलं होतं. त्यांनी नकाशे उघडले, वह्या काढल्या, पेनं सरसावली, आणि बाई काय सांगतात याची वाट पाहत बसल्या.

बाईंनी चष्मा लावला. मग विचारलं, "तुमच्यापैकी क्वार्टरात कोण राहिलंय?"

एकीनं हात अर्धवट वर केला. "मी. लहानपणी. बाबा तोफखान्यात होते."

"मग मी काय सांगणार," बाई म्हणाल्या आणि आपली वही पुढे ओढली. "तू बोल. सावकाश बोल, मी लिहून घेते."